कोरडं जाळं

समुद्रात तेल काढायचे जे प्लॅटफॉर्म असतात, त्यांच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायला एक सपाट गच्ची असते आणि त्या गच्चीवर जाळं अंथरलेलं असतं. जाड दोराचं, ताटाएवढ्या चौकटींचं, चहूबाजूंनी कड्यांना बांधलेलं. वाऱ्याने किंवा ओलाव्यामुळे हेलिकॉप्टर घसरून समुद्रात जाऊ नये म्हणून. हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. मी गिरणीकामगाराची मुलगी. जाळं म्हणजे कोळिष्टक, एवढीच माझी ओळख.

नवरा मालवणच्या किनाऱ्याकडचा. लहानपणापासून रापणीवर गेलेला. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. मुंबईला येऊन तो आधी एका बोटीवर खलाशी होता, मग एका कंत्राटदाराकडून या प्लॅटफॉर्मवर फायरमन म्हणून लागला. हेलिकॉप्टर यायच्या वेळी जाडजूड कपडे चढवायचे, फोमच्या तोफेमागे उभं राहायचं आणि ते सुखरूप उडून जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, हे त्याचं काम. मला उभं राहायचा पगार मिळतो, असं तो सांगायचा. उरलेल्या वेळात दोर, साखळ्या, रंगकाम.

तोंडाने मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि मनात ‘अरे’. लिहिताना मनातलंच वापरते आहे, त्याला कोणी नाक मुरडलं तर मुरडो.

आम्ही अंधेरीला, जुहू गल्लीच्या बाजूच्या एका चाळीत राहायचो. तो पंधरा दिवस समुद्रात आणि पंधरा दिवस घरी. चाळीतल्या बायकांना हे काही केल्या समजायचं नाही. नवरा प्लॅटफॉर्मवर असतो म्हटलं की त्या विचारायच्या, कितव्या? कोणी म्हणायचं, बरंय बाई तुझं, अर्धा महिना डोक्याला ताप नाही. मीही हसून म्हणायचे, झकास आहे. खरं म्हणजे झकास वगैरे काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं, सासूसासरे गावाला. संध्याकाळी मरोळहून कामावरून यायचं, कुलूप काढायचं आणि सकाळी पालथं घातलेलं भांडं तसंच पालथं बघायचं. मला फार एकटं वाटायचं. एकटीपुरती आमटी कशी करायची ते मला कधीच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी शिळी खायची आणि स्वतःवरच चिडायचं, असा तो पंधरवडा जायचा.

जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरं आमच्या चाळीवरून जायची. आवाज आला की मी वर बघायचे नाही. वर बघून कोणाचा नवरा दिसत नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी कॉइल गुंडाळायचे. तांब्याची केसासारखी तार बोटांमधून सोडत फिरत्या रिळावर घ्यायची. सगळी करामत ताणाची. तार जरा सैल पडली की वेढ्यावर वेढा चढतो आणि कॉइल बाद. आमचा फोरमन कॉइल हातात घेऊन नुसता अंगठा फिरवायचा आणि बाद झालेली बाजूला टाकायचा. त्यामुळे ढिलेपणाची माझ्या बोटांनाच चीड होती म्हटलं तरी चालेल.

नवरा सुट्टीवर आला की सकाळीच बस पकडून खारदांड्याला जायचा. तिथले कोळी त्याचे कोणी नव्हते, त्यांची बोली वेगळी, देव वेगळे. पण किनाऱ्यावर जाळी पसरून दुरुस्त करत बसलेली माणसं दिसली की हा त्यांच्यात जाऊन बसायचा आणि बांबूची सुई हातात घ्यायचा. दुपारी मांदेली नाहीतर बोंबील घेऊन घरी. मला राग यायचा. पंधरा दिवस समुद्र बघून पोट भरत नाही का, म्हणून मी भांडायचे. तो म्हणायचा, तिकडे समुद्र दिसतो, पण हाताला लागत नाही.

त्या वर्षी दिवाळी उलटून गेली होती. सुट्टीवर आला तो भलत्याच खुशीत. प्लॅटफॉर्मवरचं जाळं एका कडेला झिजून तुटलं होतं आणि नवीन येईपर्यंत दुरुस्तीचं काम साहेबाने याच्याकडे दिलं होतं. तिथे बाकी कोणाला जाळ्याचं काही कळत नव्हतं. याने तुटके भाग गाठी मारून जोडले, सगळी कड सोडवली आणि पुन्हा नव्याने कड्यांना बांधली. बशीत चहा ओतता ओतता मला सगळं सांगत होता. त्यांचा नियम असा होता, की जाळं मधे धरून वर ओढलं तर वीतभराच्या वर उचललं जाता कामा नये, इतकं घट्ट हवं. हा हसत म्हणाला, त्यांना काय ठाऊक! याने बांधताना सगळीकडून थोडी थोडी ढील ठेवली होती. एक-दोन वेळा पायाने दाबून बघितलं त्यांनी, आणि झालं.

मी विचारलं, नियम घट्टचा आहे तर ढील कशाला?

“दोर भिजलो काय आखडता,” तो म्हणाला. “आधीच ताणून धरलां तर गाठी तुटतत. जाळ्याक जरा जीव होयो.”

मी म्हटलं, आमच्या गाळ्यात सैल काढलं की घरी पाठवतात. त्यावर तो म्हणाला, तुझी तार वेगळी, माझं जाळं वेगळं. आणि खारदांड्याला निघून गेला. मी कपबशी विसळली. हे बोलणं आमच्या दोघांतच झालं. तिसऱ्या माणसाला त्याने ते कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं आणि मलाही.

पुढच्या फेरीला तो गेला आणि एका संध्याकाळी मी कामावरून आले तर चाळीच्या जिन्यावर बायका उभ्या होत्या. एकीने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. तेवढ्यावरून जे समजायचं ते मी समजले. पण वर गॅलरीत कंत्राटदाराचा माणूस बसला होता, त्याने मला बघून उभं राहत आधी हेच सांगितलं, की वहिनी, तो जिवंत आहे. हात भाजलाय, इस्पितळात आणलंय. प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टर पेटलं. तुमच्या मिस्टरांनी विझवलं. फार मोठं काम केलंय त्यांनी.

इस्पितळात तो कोपरापर्यंत पट्ट्या बांधून बसला होता. काय झालं ते त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. ते मला पुढे इस्पितळातच त्याच्याबरोबरच्या एका माणसाकडून कळलं. रजेवर जाणारी माणसं घेऊन हेलिकॉप्टर निघालं. त्याला चाकं नव्हती, खाली दोन लांब दांडे होते. उचललं गेलं तेव्हा एक बाजू वर आली आणि दुसरी आलीच नाही. ते कलंडलं, पंखे डेकवर आपटून तुटले आणि इंधनाने पेट घेतला. नवऱ्याने फोम सोडला, आग जरा दबली तसा आत शिरून माणसं ओढून काढली. सगळी वाचली, एक सोडून. तो एक तिथल्या भटारखान्यात पोळ्या लाटायचा. त्याचा पट्टा सुटला नाही.

दुसरी बाजू वर का आली नाही, हे मी त्या माणसाला विचारलं नाही. मला विचारायची गरज पडली नाही. माझ्या बोटांना कळलं.

नवरा घरी आला. हात बरा होत होता, पण माणूस आलाच नव्हता. ताट वाढलं की घास कालवत बसायचा. वरून हेलिकॉप्टर जायला लागलं की उठून मोरीत जायचा आणि आवाज संपेपर्यंत तांब्याने नुसतं पाणी ओतत राहायचा. आमच्याकडे पाणी तासभर यायचं, मी पिंप भरून ठेवलेलं असायचं, ते तो असं सांडून टाकायचा आणि मला एक शब्द काढता यायचा नाही. खारदांड्याचं नाव घेईना. मी एकदा म्हटलं, जाऊन या ना जरा, तर माझ्याकडे असं बघितलं, जशा काही मी शिव्याच दिल्या.

पूर्वी तो समुद्रात असायचा तेव्हा मी एकटी होते. पण त्या एकटेपणाला तारीख होती, अमुक दिवशी संपणार हे माहीत असायचं. आता तो हाताच्या अंतरावर बसलेला असायचा आणि कधी येणार ते सांगता येत नव्हतं.

मग एक दिवस आपणहून म्हणाला, माझ्यामुळे झालं. जाळं सैल होतं. पंधरा वर्षं रापणीवर काढली, पण रापण पाण्यात असते. हे जाळं तर इतकं वर, उन्हात, पाऊस सोडला तर भिजतच नाही, हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही. दांडा दोरात अडकला.

मी ताबडतोब नाही म्हटलं. म्हटलं, काहीतरी मनात घेऊ नका. वारा होता म्हणतात ना. कुठलाही बाप्या आपल्या बायकोला हे सांगेल तर ती दुसरं काय म्हणेल? पुन्हा चार दिवसांनी त्याने तेच सांगितलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग त्याने मला सांगायचं सोडून दिलं.

चाळीच्या वार्षिक सत्यनारायणाला त्याचा सत्कार ठरला. मी नको म्हटलं, पण चाळ एकदा हौसेला आली की ऐकते थोडीच. दहावी पास झालेल्या पोरांच्या रांगेत त्याला खुर्ची दिली. शाल घातली, नारळ दिला. कोणीतरी भाषणात म्हणालं, की असा शूर माणूस आपल्या चाळीत राहतो हा आपला मान आहे. टाळ्या वाजल्या. त्याने शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. लोकांना वाटलं, उकडतंय. तीर्थप्रसाद न घेता तो वर गेला. मी खाली बायकांत पुऱ्या वाटत राहिले, कारण मधूनच उठले असते तर दहा तोंडांना दहा उत्तरं द्यावी लागली असती.

त्यानंतर तो मुलुंडला जायचं म्हणायला लागला. पोळ्या लाटणाऱ्या त्या मेलेल्या मुलाची आई तिथे राहायची. मी सोबत गेले. बसमध्ये त्याने मला सांगितलं, की मी त्यांना खरं सांगणार आहे, तू मधे बोलू नकोस. मी म्हटलं, नाही बोलणार. आणि मनात देवाला म्हणत होते, की त्या बाईने याला चपलेने मारलं तरी चालेल, पण काहीतरी होऊ दे.

एक खोली, भिंतीवर फोटोला हार. म्हातारी आमच्याकडे बघून उठली आणि तिने आधी याचा हात हातात घेतला. अजून कातडी लाल, चकाकत होती. त्यावरून ती बोटं फिरवत राहिली. म्हणाली, माझ्या पोरासाठी आगीत शिरलास रे बाबा, कोण शिरतं एवढं. तुझ्या आईचे उपकार आहेत माझ्यावर. याने तोंड उघडलं, पण तिने बोलूच दिलं नाही. शेजारणीकडून दूध मागवून चहा केला, आणि याने तो प्यायला. माझ्या डोळ्यांसमोर त्याने तो गरम चहा एका दमात प्यायला आणि नमस्कार करून बाहेर पडला. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तो पुढे जाऊन दांड्याला धरून उभा राहिला, अंधेरीपर्यंत.

मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी त्याला कामाला लायक ठरवलं होतं, पुढच्या फेरीला जायचं होतं. प्लॅटफॉर्मच्या चारी बाजूंना खाली पाणी. हा माणूस या मनाने तिकडे गेला तर परत येणार नाही, हे मला सरळ दिसत होतं. नोकरी सोडा म्हटलं तर म्हणायचा, मग हा हात कशासाठी वाचला. दुसऱ्या कोणाकडे बोलावं तर बोलायचं काय? की माझ्या नवऱ्याला सगळे चांगलं म्हणतात आणि तो त्याने मरतोय? गाळ्यात माझ्या कॉइली बाद व्हायला लागल्या.

जायचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा तो आपणहून कंपनीच्या ऑफिसात गेला. अपघाताची चौकशी संपत आली होती. मी त्या दिवशी कामावर गेले नाही. दुपारी तो आला, चपला न काढता उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला. मी पाणी दिलं, ते बाजूला ठेवलं.

साहेबांना सगळं सांगितलं म्हणाला. ढील किती ठेवली, का ठेवली. साहेबांनी आधी खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, जाळं जळून गेलंय, जे उरलं ते समुद्रात टाकून दिलं, आता त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही. वाऱ्याचा झोत आला असंच सगळ्यांचं मत आहे. तुझ्यामुळे इतके जीव वाचलेत, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतोस. घरी जा, विश्रांती घे, बायकोला फिरायला ने. आणि खांद्यावर हात ठेवून त्याला दारापर्यंत सोडलं.

गॅलरीत शेजारणीने पापड वाळत घातले होते, ते ती उलटवत होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी दार लोटलं.

“खरां कोणाकच नको झालाहा,” तो म्हणाला. “म्हातारी चाय देता, सायब खुर्ची देता. तू वारो सांगतस. आता तूच खरां सांग गो. झालां काय नाय माझ्यामुळे?”

माझ्या तोंडात ‘नाही’ तयार होतं. इतके महिने ते तिथे तयारच असायचं. पण त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं, की आणखी एकदा ‘नाही’ म्हटलं तर हा उठेल, पाणी पिईल, पुढच्या आठवड्यात बॅग भरेल, आणि संपलं. आम्ही सगळ्यांनी मिळून याला बाहेर ठेवलं होतं. मायेने ठेवलं होतं, पण बाहेरच. आणि खोटंही होतं ते. रिळावर जी बाई आयुष्य काढते तिला ढिल्या दोरात काय होतं ते माहीत नसेल, असं कोणी म्हणू नये.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

“हो,” मी म्हटलं. “तुमच्यामुळे झालं. तुमच्या ढिलीत अडकलं ते.”

त्याने मान वर केली. रागावेल असं मला वाटलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला मी दिसते आहे असं मला वाटलं. मी हात पदरात घेतले.

कधीपासून ठाऊक, त्याने विचारलं. मी म्हटलं, इस्पितळापासून. त्याने मान हलवली. मग तो रडायला लागला. पुरुष कसे आवाज दाबून रडतात तसा नाही, चांगला मोठ्याने. गॅलरीतल्या पापडवालीला जे ऐकायचं ते तिने ऐकलं असेल. मी समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. नुसती समोर बसून राहिले.

रडणं ओसरल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पुढचं तो माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत बोलला.

“आणि तरी तू हय माझ्याकडे रवतलस?”

मी उठले. सकाळचा भात होता, आमटी गरम करावी लागणार होती.

“हात धुऊन या,” मी म्हटलं. “वाढते.”